पाटीवर नसलेला नंबर

काळ्या ग्रॅनाइटची दोन बाय तीन फुटांची पाटी. वर कंपनीचं बोधचिन्ह, खाली सोनेरी अक्षरांत 'शुद्ध पेयजल प्रकल्प', मग 'सामाजिक उत्तरदायित्व निधीतून', मग 'यांच्या शुभहस्ते', त्याखाली 'प्रमुख उपस्थिती' म्हणून सात नावं आणि तळाला तारीख, मार्चअखेरची. पाटीमागे निळ्या पत्र्याचं खोपटं; दर्शनी बाजूला नाणं टाकायची फट, कार्ड टेकवायची चौकट आणि एक वाकलेला नळ. एक पोरगा वीस लिटरचा जार सायकलला अडकवून आला. कार्ड टेकवलं, काही झालं नाही. परत टेकवलं. मग कार्ड शर्टाला पुसून तिसऱ्यांदा टेकवलं आणि काही न बोलता सायकल वळवून पलीकडच्या हातपंपाकडे गेला. त्याला राग आला नव्हता, आश्चर्य तर मुळीच वाटलं नव्हतं. यंत्र बंद पडणं यात नवल नाही, यंत्रं बंद पडतातच. मनात सलत राहिली ती पाटी. एवढी नावं कोरली, एवढी सोनेरी शाई ओतली, आणि बंद पडल्यावर कोणाला सांगायचं ते कुठेच नाही. महामार्गावरच्या पंक्चरवाल्याच्या टायरवरसुद्धा पांढऱ्या रंगात नंबर असतो.

अशा प्रकल्पाला गावात कोणी प्रकल्प म्हणत नाही. 'आरओ' म्हणतात, नाहीतर 'पाण्याचं एटीएम'. आतली मांडणी सगळीकडे साधारण तीच. बोअरचं पाणी आधी काळ्या टाकीत, तिथून वाळूच्या गाळणीतून कोळशाच्या गाळणीत, मग पाच मायक्रॉनच्या पांढऱ्या कार्ट्रिजमधून उच्च दाबाच्या पंपाकडे, आणि पंप ते मेम्ब्रेनवर, म्हणजे क्षार अडवणाऱ्या बारीक पडद्यावर, ढकलतो. ताशी हजार लिटरच्या यंत्रात चार इंच जाडीच्या, चाळीस इंच लांबीच्या चारेक मेम्ब्रेन नळकांड्यांत बसवलेल्या असतात. आत गेलेल्या पाण्यातलं निम्मं गोड होऊन साठवण टाकीत जातं आणि उरलेलं निम्मं, सगळा क्षार पोटात घेऊन, एका पाइपातून बाहेर पडतं. हा पाइप कुठे सोडायचा हे आराखड्यात क्वचितच असतं. म्हणून आरओ ओळखायची सोपी खूण म्हणजे खोपट्यामागचं डबकं, त्याच्या कडेला पांढरट पापुद्रा आणि वर डासांचा थवा. एप्रिलमध्ये टँकर लागणाऱ्या गावात निम्मं पाणी असं मातीत जातं, आणि अहवालात मात्र 'दररोज इतके लिटर शुद्ध पाणी' एवढंच छापलं जातं.

हे यंत्र कशाने मरतं ते ठाऊक असलेली माणसं गावात एक-दोनच असतात. मेम्ब्रेनच्या आधी एक छोटा पंप थेंबथेंब औषध सोडत असतो, त्याला अँटिस्केलंट म्हणतात. बोअरच्या जड पाण्यातला चुना मेम्ब्रेनवर धरू नये म्हणून ते असतं. कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या कॅनमधलं हे औषध संपलं तरी काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही. यंत्र चालू, नळाला पाणी, दिवा हिरवा. काही आठवड्यांनी धार बारीक होते. चालवणारा दाब वाढवतो, पंप तापतो, आवाज बदलतो. मग टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा चढायला लागतो, पाणी पुन्हा मचूळ लागतं, आणि कोणीतरी म्हणतं, "आरओ बिघडला." खरं तर तो दोन महिन्यांपूर्वीच बिघडला होता, कॅन रिकामा झाला त्या दिवशी. बाकीची कारणं किरकोळ आणि तितकीच जीवघेणी: विजेचा दाब कमी-जास्त होऊन मोटार जळणं, महिन्या-दोन महिन्यांनी बदलायचं कार्ट्रिज सहा महिने न बदलणं, नव्या घडणीचं पाचाचं नाणं फटीत अडकून बसणं, उन्हाळ्यात बोअरच आटणं.

हिशेबही मांडून पाहण्यासारखा आहे. दिवसाला पन्नास जार गेले, जारला पाच रुपये धरले, तर २५० रुपये. महिन्याला साडेसात हजार. त्यातून चालवणाऱ्याचं मानधन, वीजबिल, कार्ट्रिज आणि औषध. यातलं काहीही चुकवलं तर यंत्र थांबतं, आणि सगळं वेळेवर भागवलं तर मेम्ब्रेनसाठी बाजूला टाकायला काही उरत नाही. नीट राखलेली मेम्ब्रेन दोन-तीन वर्षं जाते. उद्घाटनाच्या दिवशीच तिची घटिका भरायला सुरुवात झालेली असते. फ्लोराइडचं पाणी पिऊन पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडलेल्या यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या गावांत तर हा खेळ नाही. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. तिथे मेम्ब्रेन निकामी झाल्यावरही नळाला पाणी येत राहणं हे यंत्र बंद पडण्यापेक्षा वाईट. चवीवरून फ्लोराइड कळत नाही.

मग कंपनीने तीन वर्षांनी येऊन मेम्ब्रेन का बदलू नये?

याचं उत्तर शोधताना कंपनीला शिव्या घालून मोकळं होता येत नाही, कारण अडचण पुष्कळशी कागदाच्या रचनेत आहे. २०१३च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एका तरी आकड्याला पोहोचतं, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकामावर खर्च करायचे. पाटीवरचं 'सामाजिक उत्तरदायित्व' ते हेच, इंग्रजी आद्याक्षरांत सीएसआर. सुरुवातीला खर्च झाला नाही तर कारण सांगून सुटता येत होतं. जानेवारी २०२१ पासून तो दरवाजा बंद झाला. आता न खर्चलेली रक्कम काम अनेक वर्षांचं असेल तर वेगळ्या बँक खात्यात, नसेल तर सहा महिन्यांत सरकारने नेमून दिलेल्या निधीत भरावी लागते. नाहीतर दंड, थकलेल्या रकमेच्या दुप्पट किंवा एक कोटी, जे कमी असेल ते. त्यामुळे जानेवारी उजाडला की सीएसआर विभागात लगीनघाई सुरू होते. काय दिलं तर ३१ मार्चच्या आत बिल, फोटो आणि उपयोगिता प्रमाणपत्र तिन्ही हातात येतील? यंत्र. बाक. सायकली. शौचालय. संगणक. गावातल्या बायकांशी महिनोन्महिने बोलत बसण्याचं बिल निघत नाही. शिवाय प्रशासकीय खर्च एकूण सीएसआर खर्चाच्या पाच टक्क्यांवर न्यायचा नाही. ही मर्यादा आली सद्हेतूने, पण तिच्यामुळे आधी कात्री लागते ती गावात फिरणाऱ्या माणसाच्या पगाराला.

पुढची मेख मालकीची. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली स्थावर-जंगम वस्तू कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या गटाच्या किंवा सार्वजनिक यंत्रणेच्या नावे करावी लागते. नियम योग्यच आहे, एरवी लोकांच्या नावाने कंपन्यांनी स्वतःचीच घरं भरली असती. पण गावात त्याचं रूप होतं एका पानाची ताबा पावती. 'आरओ यंत्र एक, टाकी दोन, पत्र्याचे शेड एक, सुस्थितीत मिळाले.' खाली सरपंच आणि ग्रामसेवकाची सही, ग्रामपंचायतीचा जांभळा गोल शिक्का. फोटोत सगळे हसताहेत. त्या सहीबरोबर यंत्र पंचायतीचं झालं, औषधाचा कॅन पंचायतीचा, तीन वर्षांनी येणारा मेम्ब्रेनचा खर्चही पंचायतीचा. हे त्या पानावर लिहिलेलं नसतं. आणि कायद्याच्या भाषेतला 'चालू प्रकल्प' म्हणजे सुरू झालेलं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. मेम्ब्रेनचं आयुष्य आणि प्रकल्पाचं आयुष्य जवळजवळ एकाच सुमाराला संपतं, हा योगायोग कोणी ठरवून केलेला नाही; पण त्याची जाण ठेवून कोणी कागदही केलेला नाही. करता येतो. ताबा पावतीला दुसरं पान जोडायचं: कोणता भाग किती दिवसांनी बदलायचा, सुमारे किती रुपयांना, कुठे मिळतो, वीजजोडणी कोणाच्या नावावर, पहिली तीन वर्षं देखभाल कोणाकडे आणि नंतर कोणाकडे. पंचायतीने यंत्र मालमत्ता नोंदवहीत चढवायचं आणि विकास आराखड्यात दुरुस्तीची ओळ टाकायची, म्हणजे वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच दिलेल्या, निधीतला पाण्याचा वाटा त्यावर खर्चता येतो. आराखड्यात ओळ नसली की ग्रामसेवक हात वर करतो, आणि त्याचंही चूक नसतं. दुसरं पान लिहायला अर्धा दिवस पुरतो. तो अर्धा दिवस मार्चमध्ये कोणाकडे नसतो.

खर्चाच्या अहवालात हे यंत्र 'पूर्ण' या रकान्यात जाऊन बसतं, आणि एकदा बसलं की सहसा उठत नाही. मोठ्या कंपन्यांना, म्हणजे ज्यांची सीएसआरची सरासरी बांधिलकी दहा कोटी किंवा त्याहून जास्त आहे त्यांना, एक कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं परिणाम मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं, काम पूर्ण होऊन वर्ष उलटल्यावर. पाच-सात लाखांचं एकटं-दुकटं खोपटं या जाळीतून सहज निसटतं. आणि वर्षभराने पाहणारा आलाच, तर यंत्र चालूच असतं. मेम्ब्रेन अजून तरुण असते.

आणखी एक रेघ कायद्याने ओढली आहे. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम सीएसआरमध्ये धरत नाहीत. म्हणजे धुराड्याची गाळणी सुधारली, राखेच्या डंपरवर ताडपत्री घातली, सांडपाणी नीट शुद्ध केलं, तर तो उपकार नव्हे. ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटींचं पालन. ही विभागणी कायद्यात स्वच्छ आहे, कंपनीच्या इमारतीत मात्र तिच्या भिंती होतात. सीएसआर एका मजल्यावर, बहुधा मनुष्यबळ विभागाच्या शेजारी. पर्यावरण विभाग प्लांटमध्ये, हेल्मेट घातलेला. आणि गावाशी बोलणारा जो माणूस असतो, ज्याला कंपनीत 'लायझनिंग' आणि गावात नुसतं 'साहेब' म्हणतात, तो गेटाजवळच्या खोलीत. गावातली बाई मात्र एकच वाक्य बोलते: "विहिरीचं पाणी बदललंय." सीएसआरवाला ऐकतो आणि म्हणतो, आरओ देऊ. पर्यावरणवाला म्हणतो, आमच्या निरीक्षण विहिरींचे आकडे मर्यादेत आहेत. लायझनिंगवाला ती बाई कोणाच्या गटाची आहे याची चौकशी करतो. वाक्याचे तीन तुकडे होतात, आणि विहिरीचं पाणी का बदललं हा प्रश्न तिन्ही तुकड्यांच्या मधल्या फटीतून खाली पडतो. आरओ मात्र येतो. कित्येकदा हे निळं खोपटं म्हणजे न दिलेल्या उत्तराची भरपाई असते, म्हणून ते बघताना आभारही मानवत नाहीत आणि धड रागही धरवत नाही. पाणी तर मिळालेलं असतं.

इंग्रजीतल्या 'स्टेकहोल्डर'ला मराठीत नीट शब्द मिळालेला नाही. सरकारी कागदांत 'हितधारक', कुठे 'हितसंबंधी', आणि घाईत भाषांतर झालेलं असलं तर चक्क 'भागधारक'. भागधारक म्हणजे शेअर घेतलेला माणूस. धुराड्याच्या वाऱ्याच्या दिशेला ज्याचं शेत आहे त्याला कागदावर भागधारक म्हटल्यावर त्याने लाभांश मागितला तर त्याचं काय चुकलं?

कारखान्याला पर्यावरण मंजुरी देण्याआधी या हितधारकाला रीतसर विचारायची जागा म्हणजे जनसुनावणी. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेने तिची पद्धत घालून दिली. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं, किमान तीस दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात जाहिरात, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून खालचा नसलेला प्रतिनिधी, सगळ्याचं चित्रीकरण. पर्यावरण आघात अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात आणि पंचायतीत ठेवतात. तो शेकडो पानांचा असतो आणि इंग्रजीत असतो. मराठीत येतो तो सारांश. त्या सारांशातलं मराठी वाचताना मूळ इंग्रजी समोर असतं तर बरं झालं असतं असं वाटतं: 'सभोवतालच्या हवेच्या गुणवत्तेवरील वाढीव भार अनुज्ञेय मर्यादेत राहील.' म्हणजे काय? तर आमच्या धुरामुळे तुमच्याकडच्या हवेतली धूळ वाढेल, पण कायद्याने चालेल इतपत. असं सरळ लिहिलं तर मांडवात पहिला प्रश्न विचारला जाईल: चालेल इतपत म्हणजे किती, आणि आत्ता किती आहे? आकडा त्याच अहवालात असतो, मागे, हवेच्या नमुन्यांच्या तक्त्यात. नमुने कोणत्या गावात, कोणत्या महिन्यांत घेतले ते त्याच्याच वर. ज्याला सुनावणीत खरोखर काही साधायचं आहे त्याने भाषणाची तयारी करण्याऐवजी आधी ते पान उघडावं. आपलं गाव वाऱ्याच्या खालच्या अंगाला असून नमुना वरच्या अंगाच्या गावात घेतला असेल, तर तेवढा एक मुद्दा लेखी दिला तरी तो नोंदला जातो आणि कंपनीला त्यावर लेखी म्हणणं मांडावं लागतं.

सुनावणीत मतदान नसतं, हे अनेकांना तिथे जाईपर्यंत ठाऊक नसतं. गणपूर्तीची अटही नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी झालीच. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरात बॉक्साइटची खाण होऊ द्यायची का, हे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बारा ग्रामसभांना विचारलं गेलं, आणि बाराही 'नाही' म्हणाल्या. तो वनहक्काचा मामला होता, त्याची जात वेगळी. आपल्याकडच्या नेहमीच्या सुनावणीत 'नाही' मोजत नाहीत, ते नोंदतात. शेवटी कामकाजाचा गोषवारा उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा आणि मग त्यावर सही, असं नियम म्हणतो. गोषवारा वाचेपर्यंत दुपारचे तीन वाजलेले असतात. जेवणाची पाकिटं वाटून झालेली, पुढच्या रांगांतली कंपनीची माणसं बसमध्ये बसलेली, मागच्या बायका धारा काढायची वेळ झाली म्हणून उठलेल्या. लाल खुर्च्यांच्या ओळींसमोर एक अधिकारी पंख्याच्या वाऱ्यात फडफडणारी पानं अंगठ्याने दाबून गोषवारा वाचतो. कायद्याचं पालन शब्दशः झालेलं असतं. आणि अधिसूचित औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याला, बहुधा एवढंही लागत नाही. तिथे सुनावणीतून सूट आहे. वसाहतीच्या कुंपणाला लागून ज्यांचे गोठे आहेत त्यांना याचं लॉजिक कसं समजावायचं, हा वेगळा विषय.

सुनावणी एकदाच होते, आणि कारखाना पुढे तीस वर्षं चालतो. १ जून आणि १ डिसेंबरला पर्यावरण मंजुरीतल्या अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो, तो कंपनी लिहिते आणि सरकारला पाठवते. मधल्या काळात गावाने बोलायचं कुठे? मुळशीत १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध 'जान किंवा जमीन' म्हणावं लागलं, त्याआधी मावळातल्या शेतकऱ्यांच्या अर्जांना कोणी हिंग लावून विचारलं नव्हतं. घोषणा ऐकू येते तेव्हा बहुधा आधीचे अर्ज फाइलला लागलेले असतात.

आता बोलण्याच्या जागेचा हिशेबही शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने मागायला सुरुवात केली आहे. बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून 'बीआरएसआर' नावाचा जबाबदारी अहवाल सक्तीचा झाला. त्याच्या सुरुवातीच्या भागात एक तक्ता असतो. डावीकडे गट: समाज, गुंतवणूकदार, भागधारक, कर्मचारी, ग्राहक, पुरवठादार. मग प्रश्न: तक्रार निवारणाची सोय आहे का? वर्षभरात किती तक्रारी आल्या, वर्षअखेर किती बाकी? हा तक्ता वाचायची सवय लावून घ्यावी. चकचकीत फोटोंपेक्षा त्यात जास्त मजकूर असतो. ग्राहकांच्या ओळीत हजारो तक्रारी दिसतात, भागधारकांच्या ओळीतही काही ना काही असतं, लाभांश मिळाला नाही, पत्ता बदलला नाही. आणि समाजाच्या ओळीत पुष्कळदा: आलेल्या तक्रारी शून्य, बाकी शून्य. ज्या कारखान्याच्या रस्त्यावरून दिवसरात्र डंपर जातात त्याच्या शेजारच्या गावाला वर्षभरात एकदाही काही म्हणायचं नव्हतं! एवढं सुखी गाव असेल तर तिथे जाऊन राहावं.

त्या शून्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच, की मोजायला वहीच नव्हती. सोय आहे का, या प्रश्नापुढे 'होय' असतं आणि शेजारी संकेतस्थळाचा पत्ता. तिथे इंग्रजी अर्ज, त्यात ईमेल सक्तीचा. खरी सोय काय असते हे जिथे ती नीट चालते तिथे पाहिलं तर फारच साधं दिसतं. एक जाड वही, पानांना छापील क्रमांक, म्हणजे पान फाडता येत नाही. वही सुरक्षारक्षकाच्या चौकीत ठेवायची नाही. गणवेशासमोर कोणी तक्रार लिहीत नाही. पंचायतीच्या शेजारी किंवा दूध संकलन केंद्रावर, आठवड्यातून एक ठरलेला दिवस, बाजाराचा वार टाळून, बायकांना जमेल ती वेळ. तक्रार बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहायची. 'धूळप्रदूषणाबाबत' असं नाही. 'राखेचा डंपर, ताडपत्री नव्हती, रात्री अकराच्या पुढं, वाळत घातलेल्या मिरच्यांवर राख बसली' असं. कारण ताडपत्री, रात्र, अकरा आणि मिरच्या या चार शब्दांतून चौकशी सुरू करता येते, धूळप्रदूषणातून येत नाही. क्रमांकाची चिठ्ठी हातात द्यायची. किती दिवसांत उत्तर मिळेल ते सांगायचं, आणि उत्तर 'नाही' असलं तरी जाऊन द्यायचं. तक्रार मिटली हे तक्रारदाराच्या सहीने किंवा अंगठ्याने ठरतं, कंपनीच्या शेऱ्याने नाही.

यात फसतं कुठे, तेही ठरलेलं आहे. डंपर ठेकेदाराचे असतात आणि ठेकेदाराच्या करारात ताडपत्री नसल्याचा दंड लिहिलेला नसतो. मग वही कितीही भरली तरी राख उडायची थांबत नाही. दुसरं, सगळं सरपंचामार्फत चालवायचं म्हटलं की सरपंचाच्या विरोधी गटाची विहीर वहीत येत नाही. भूमिहीन मजूर तर कोणाच्याच यादीत नसतो, कारण यादी सातबाऱ्यावरून केलेली असते. आणि तिसरं, सगळ्यांत हमखास: वही सुरू झाली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत तक्रारी धडाधड वाढतात. वर्षानुवर्षं तुंबलेलं बाहेर येतं. वरच्या साहेबाच्या मासिक बैठकीत शून्यावरून एकदम चाळीसचा खांब उभा राहतो, तो विचारतो, गावात अचानक काय बिनसलं? खालचा माणूस शहाणा असतो. पुढच्या महिन्यात खांब खाली येतो. मिरच्यांवर राख तेवढीच असते.

त्या दिवशी पोरगा ज्या हातपंपाकडे वळला, त्याची गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. देशभर दिसणारा 'इंडिया मार्क टू' हा पंप आपल्याच मातीतला म्हणावा असा. त्याच्याआधी जालना पंप आला आणि मग सोलापूर पंप, दोन्ही मिशनऱ्यांच्या विहिरींच्या कामातून घडलेले. ओतीव लोखंडाचे, एका घराला पुरतील असे पंप गावाच्या वापराखाली तुटत होते म्हणून कोणीतरी पोलादाचं डोकं आणि साखळी लावली. सत्तरच्या दशकात सरकार आणि युनिसेफने त्याच धर्तीवर मार्क टू बनवून घेतला. पण पंप चांगला झाला म्हणून आपोआप चालू राहिला नाही. तमिळनाडूत त्याच्या देखभालीची तीन पायऱ्यांची रीत बसवली: गावात एक राखणदार, गटाच्या ठिकाणी मिस्त्री, जिल्ह्याला फिरतं पथक. गावातल्या राखणदाराकडे पान्हा आणि पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं. पंप बंद पडला की कार्ड पेटीत टाकायचं. बस. फोन नव्हते, संकेतस्थळं नव्हती, जबाबदारीचे अहवाल नव्हते. यंत्र देतानाच कोणीतरी गृहीत धरलं होतं की हे एक दिवस मोडणार आहे, आणि मोडल्याची बातमी आपल्याकडे यायला वाट हवी. आपल्याकडेही पंचायत समितीचं हातपंप दुरुस्ती पथक असतं. उशिरा येतं, पण कुठून येतं हे गावाला माहीत असतं.

पोरगा पंपाच्या दांड्यावर पोट टेकवून लोंबकळला. साखळी करकरली, चार-पाच हिसक्यांनंतर पाणी आलं. या पाण्यात काय आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, आणि तपासणीचा कागद कुठे लावलेलाही नाही. जार भरला, झाकण घट्ट केलं, सायकलला अडकवला.

जाता जाता खोपट्याच्या बाजूला पाहिलं. पत्र्याच्या दाराला कुलूप होतं, आणि कडीच्या वर खिळ्याने ओरखडून लिहिलेलं: 'आरओवाला', पुढे मोबाइल नंबर. चालवणाऱ्याने लिहिला असेल किंवा वैतागून गावातल्याच कोणीतरी. दार उघडताना कडी जिथे घासते नेमक्या त्या जागी रंग खरवडला गेला होता. नऊ आकडे वाचता येत होते.